वातावरणीय दृष्टिभ्रम

वातावरणीय दृष्टिभ्रम म्हणजे हवा, हवेतील जलकण, हिमस्फटिक किंवा धूलिकण यांमुळे प्रकाशाचा मार्ग बदलून निरीक्षकाला वस्तू मूळ जागेपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात किंवा मुळात नसलेल्या रूपात दिसणे. मृगजळ, क्षितिजावरील चपटा सूर्य, चंद्राभोवतीचे खळे आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून दिसणारे इंद्रवज्र ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. 'भ्रम' हा शब्द रूढ असला तरी यांपैकी बहुतेक आविष्कारांत डोळ्याची चूक नसते. डोळ्यापर्यंत पोहोचलेला प्रकाश खरा असतो आणि त्याचे छायाचित्रही घेता येते. चूक होते ती त्या प्रकाशाचा अर्थ लावताना. प्रकाश सरळ रेषेत आला असावा, हे मेंदूचे गृहीतक हवेत नेहमीच खरे ठरत नाही.

पुणे शहर आणि त्याच्या परिसराचा या विषयाच्या अभ्यासाशी जुना संबंध आहे. हरिश्चंद्रगडावरील वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन १८३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तर जमिनीलगतच्या हवेच्या तापमानाचा पद्धतशीर अभ्यास १९३०च्या दशकात पुण्यातील हवामान खात्याच्या कृषिहवामान विभागात झाला.

वर्गीकरण

या आविष्कारांचे कारणानुसार तीन गट पडतात.

पहिला गट अपवर्तनाचा. हवेची घनता सर्वत्र सारखी नसल्याने प्रकाशकिरण हळूहळू वाकतात. मृगजळ, क्षितिजाजवळचा उचललेला सूर्य आणि ताऱ्यांचे लुकलुकणे या गटात येतात.

दुसरा गट हवेतील कणांचा. पावसाचे थेंब, ढगातील सूक्ष्म जलकण किंवा हिमस्फटिक प्रकाशाचे अपवर्तन, परावर्तन, विवर्तन व विकिरण घडवतात. इंद्रधनुष्य, खळे आणि इंद्रवज्र हे या गटातील आविष्कार होत.

तिसरा गट आकलनाचा. यात प्रकाश नेहमीप्रमाणेच येतो, पण आकार किंवा अंतराचा अंदाज चुकतो. उगवता चंद्र मोठा भासणे हे याचे उदाहरण आहे. खऱ्या अर्थाने 'भ्रम' म्हणता येईल असा हाच गट आहे.

अनेकदा एकाच दृश्यात दोन गटांची कारणे एकत्र येतात. छायाचित्र हा त्यांना वेगळे करण्याचा सोपा उपाय आहे. मृगजळ आणि इंद्रवज्राचे रंग छायाचित्रात उमटतात. उगवत्या चंद्राचे मोठेपण मात्र उमटत नाही.

प्राचीन उल्लेख

संस्कृत साहित्यात मृगतृष्णा किंवा मृगजल ही कल्पना फार जुनी आहे. वेदान्तात ती जगाच्या भासमानतेचा दृष्टान्त म्हणून येते, तर मराठीत 'मृगजळामागे धावणे' म्हणजे कधीही हाती न लागणाऱ्या गोष्टीसाठी धडपडणे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात परिवेष (सूर्य-चंद्राभोवतीचे खळे), इंद्रायुध (इंद्रधनुष्य), गंधर्वनगर (आकाशात दिसणारे नगर) आणि प्रतिसूर्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांतील विवेचन प्रामुख्याने शुभाशुभ फलांचे आहे. तरीही हे आविष्कार वेगवेगळे असून त्यांना वेगवेगळी नावे हवीत, ही जाण त्यात स्पष्ट दिसते.

मृगजळ

उन्हाळ्यात पुण्यातील कमाल तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी डांबरी रस्ता भोवतालच्या हवेपेक्षा बराच अधिक तापतो. रस्त्याला लागून असलेला हवेचा पातळ थर गरम होऊन विरळ बनतो आणि त्याचा अपवर्तनांक वरच्या हवेपेक्षा कमी होतो. दूरच्या आकाशाकडून तिरपा खाली येणारा किरण या विरळ थराकडे जाताना थोडाथोडा वाकत जातो, जमिनीला न टेकताच पुन्हा वर वळतो आणि निरीक्षकाच्या डोळ्यात शिरतो. किरण खालून आल्यामुळे आकाशाचा तुकडा रस्त्यावर असल्यासारखा दिसतो. रस्त्यावर चमकणारा निळसर-पांढरा पट्टा पाहण्याचा मेंदूचा नेहमीचा अनुभव पाण्याचा असल्याने 'पुढे पाणी साचले आहे' असा निष्कर्ष निघतो. समोरून येणाऱ्या वाहनाची उलटी प्रतिमाही त्यात दिसते आणि पाण्याची खात्री आणखी पटते.

या घटनेमागील आकडे अत्यंत लहान आहेत. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३ असतो आणि तापमान एक अंशाने वाढले की तो साधारण दहा लाखांत एका भागाने घटतो. रस्त्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर अपवर्तनांकातील फरक एका लाखात दीड भागाहूनही कमी भरतो. एवढ्या फरकाने किरण परत वर वळण्यासाठी त्याने जमिनीशी जास्तीत जास्त ०.३ अंशाचा कोन करून यावे लागते. हा कोन पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीहूनही लहान आहे. मोटारीत बसलेल्या व्यक्तीचे डोळे रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आहेत असे मानल्यास, एवढा लहान कोन सुमारे २२० मीटर अंतरावर मिळतो. म्हणून मृगजळ पायाजवळ कधीच दिसत नाही. ते ठरावीक अंतरापलीकडेच सुरू होते. निरीक्षक पुढे गेला की ही मर्यादाही तेवढीच पुढे सरकते. मृगजळ हाती न लागण्याचे कारण एवढेच आहे. डोळे जमिनीच्या जवळ नेल्यास ते जवळ येते, तर उंच गच्चीवरून त्याच रस्त्याकडे पाहिल्यास नाहीसे होते.

मृगजळाचे शास्त्रीय स्पष्टीकरण देणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांचा समावेश होतो. १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत ते सहभागी झाले होते. वाळवंटात तहानलेल्या सैनिकांना वारंवार दिसणारे 'पाणी' हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला. पाठ्यपुस्तकांत मृगजळाचे कारण बहुधा 'पूर्ण आंतरिक परावर्तन' असे दिले जाते. मात्र हवेत काचेसारखा ठळक पृष्ठभाग नसतो आणि किरण एका बिंदूवर परावर्तित न होता सलग वक्र मार्गाने जातो. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द ऑप्टिक्स ऑफ मिराजेस' या शोधनिबंधात मृगजळाचा विचार प्रकाशाच्या तरंगस्वरूपाच्या आधारे केला.

पुण्यातील संशोधन

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ साली येथे कृषिहवामान विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. रामदास हे रामन यांचे विद्यार्थी होते. पिकाच्या वाढीशी प्रत्यक्ष संबंध येतो तो जमिनीपासूनच्या पहिल्या काही मीटर हवेचा. हवामान केंद्रावरील तापमापक मात्र त्याहून उंचावर, सावलीच्या पेटीत ठेवलेला असतो. त्यामुळे जमिनीलगतच्या थरांचे तापमान स्वतंत्रपणे मोजण्याची गरज होती. मृगजळ आणि उन्हात थरथरणारी हवा यांचे मूळ याच थरात असते.

रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष अनपेक्षित होता. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून असावी अशी समजूत होती. प्रत्यक्षात किमान तापमान जमिनीपासून काही दशक सेंटिमीटर उंचीवर आढळले. हा निष्कर्ष आरंभी अनेकांना मापनातील त्रुटी वाटला. पुढे तो इतरत्रही पडताळला गेला आणि 'रामदास थर' या नावाने ओळखला जाऊ लागला. भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली जमीन आणि हवा यांतील उष्णताप्रारणाच्या देवाणघेवाणीवर आधारित स्पष्टीकरण मांडले. जमिनीलगतच्या हवेबाबत सामान्य तर्क किती अपुरा पडतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

क्षितिजावरील सूर्य

वर जाताना हवा विरळ होत असल्यामुळे बाहेरून येणारा प्रकाश पृथ्वीच्या पृष्ठाकडे वाकतो आणि खस्थ वस्तू प्रत्यक्षापेक्षा थोड्या वर दिसतात. माथ्यावर हा परिणाम शून्य असतो, तर क्षितिजावर तो सुमारे ३४ कलांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त भरतो. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला आहे. याचा अर्थ असा की मावळताना सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो.

सूर्योदय व सूर्यास्त काढताना हा परिणाम विचारात घेतला जातो. बिंबाचा मध्य क्षितिजाखाली ५० कला (अपवर्तनाच्या ३४ आणि बिंबाच्या त्रिज्येच्या १६) असतो, तो क्षण उदयास्ताचा मानतात. सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावरील पुण्यात ५० कला पार करण्यास सूर्याला विषुवदिनी साधारण साडेतीन मिनिटे लागतात. सकाळ-संध्याकाळ मिळून त्या दिवशी दिवस रात्रीच्या बारा तासांच्या हिश्शातून सुमारे सात मिनिटे घेतो. त्यामुळे 'दिवस-रात्र समान' अशी ओळख असलेल्या विषुवदिनी पुण्यात दिवस आणि रात्र समान नसतात. बरोबर बारा तासांचा दिवस मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारे आठवडाभर आधी आणि सप्टेंबरमधील विषुवदिनाच्या सुमारे आठवडाभर नंतर येतो. उदयास्ताच्या वेळा देणाऱ्या दिनदर्शिकेत हे पडताळून पाहता येते.

क्षितिजाजवळ अपवर्तन झपाट्याने बदलते. सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा सुमारे सहा कला अधिक उचलली जाते आणि बिंब उभ्या दिशेने चपटे दिसते. वेताळ टेकडी किंवा सिंहगड यांसारख्या उंच, मोकळ्या जागेवरून हे नुसत्या डोळ्यांनी लक्षात येते. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत त्याच्याकडे रोखून पाहणे किंवा दुर्बीण लावणे मात्र डोळ्यांना घातक ठरू शकते.

इंद्रवज्र

निरीक्षकाच्या पाठीशी सूर्य आणि समोर किंवा खाली धुके असताना त्याच्या सावलीच्या डोक्याभोवती दिसणाऱ्या रंगीत वर्तुळांना मराठीत इंद्रवज्र म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे इंद्रवज्राचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे. हा आतल्या बाजूस वळलेला उभा कडा पश्चिमेकडे, म्हणजे कोकणाच्या दिशेने तोंड करून आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, निरीक्षकाच्या पाठीमागे असतो आणि कोकणातून वर आलेले धुके कड्यापुढे पडद्यासारखे उभे राहते. इंद्रवज्रासाठी लागणारी रचना येथे आपोआप जुळून येते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत होते. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्यात आहे. सूर्य पाठीशी आणि आकाशात खालच्या बाजूस होता. वर्तुळाचा अर्धा भाग कड्याच्या पातळीच्या वर, तर अर्धा खाली होता. मध्यभागी साइक्स, त्यांचा घोडा आणि सोबतची माणसे यांच्या सावल्या दिसत होत्या. त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत यावर सोबतच्या लोकांचा विश्वास बसेना. त्यांनी हातपाय हलवून, शरीराला निरनिराळे बाक देऊन पाहिले आणि समोरच्या आकृतीही तसेच करतात याची खात्री करून घेतली. निरीक्षणावर शंका घेऊन ती लगेच तपासून पाहण्याचा हा एक छोटा प्रयोगच होता.

साइक्स यांनी वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा असा अंदाज केला आहे. मात्र अशा वर्तुळाला फुटांत मोजता येईल असा आकार नसतो. धुक्यातील जवळचे आणि दूरचे सर्व कण त्यात एकाच वेळी सहभागी असतात. निश्चित असतो तो फक्त डोळ्याशी होणारा कोन. त्याचप्रमाणे वर्तुळाचा मध्य प्रत्येकासाठी स्वतंत्र असतो. अनेक जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते.

इंद्रवज्राला 'वर्तुळाकार इंद्रधनुष्य' म्हणण्याचा प्रघात असला तरी दोन्ही आविष्कार भिन्न आहेत. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत अपवर्तन आणि एक आंतरिक परावर्तन होऊन बनते व त्याची कोनीय त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. इंद्रवज्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आकार असलेल्या जलकणांमुळे बनते. त्याची त्रिज्या साधारण ५ ते २० अंश असते आणि कण जितके लहान तितके वलय मोठे होते. धुक्यात कधीकधी सुमारे ४० अंश त्रिज्येची फिकट पांढरी कमानही दिसते. ती धुकेधनुष्य होय.

प्रकाश जलकणावरून जवळजवळ आल्या दिशेने परत कसा फिरतो, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. साध्या किरणांच्या हिशेबाने पाण्याच्या गोलात एकदा परावर्तित झालेला कडेचा किरण पूर्ण उलटा फिरण्यास सुमारे १४ अंश कमी पडतो. १९२३ साली कलकत्त्यातील विधुभूषण राय यांनी कृत्रिम ढगांवर प्रयोग करून हा आविष्कार जलकणांनी मागे फेकलेल्या प्रकाशामुळेच घडतो असे दाखवले. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४७ साली असे सुचवले की प्रकाशतरंग कणाच्या पृष्ठभागाला चिकटून काही अंतर जातात आणि उरलेला कोन भरून काढतात. पुढे ब्राझीलचे मोझेस नुसेन्झवाइग यांनी कणाच्या अगदी जवळून जाणाऱ्या प्रकाशाचाही त्यातील वाटा सिद्ध केला.

जर्मनीतील हार्ट्झ पर्वतातील ब्रॉकन शिखरावर अशीच सावली दिसते, म्हणून पाश्चात्त्य देशांत तिला 'ब्रॉकनचे भूत' म्हणतात. चीनमधील एमेइ पर्वतावर या वलयाला बुद्धाचा प्रकाश मानले जाते. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर १८९४ साली असे आविष्कार पाहून सी. टी. आर. विल्सन यांनी प्रयोगशाळेत ढग निर्माण करण्याचा प्रयत्न केला. त्यातूनच अणुकणांचे मार्ग दाखवणारा मेघकोष्ठ तयार झाला व त्यासाठी विल्सन यांना १९२७ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

इंद्रवज्र पाहण्यासाठी आज कडा गाठणे आवश्यक नाही. विमान ढगांवरून जात असताना सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीतून विमानाच्या सावलीभोवती तेच वलय दिसते. उपग्रहांनी टिपलेल्या अशा वलयांवरून ढगातील कणांच्या आकाराचा अंदाजही बांधला जातो.

खळे

चंद्र किंवा सूर्याभोवती सुमारे २२ अंश त्रिज्येचे मोठे वलय दिसते, त्याला खळे पडणे म्हणतात. उंचावरील पातळ ढगांत षटकोनी हिमस्फटिक असतात. त्यांच्या एकाआड एक बाजूंत ६० अंशांचा कोन असल्याने ते लोलकाप्रमाणे काम करतात व प्रकाश किमान २२ अंशांनी वळवतात. त्याहून कमी वळलेला प्रकाश नसल्याने वलयाची आतली कड स्पष्ट व किंचित लालसर असते. खळे म्हणजे पावसाची चाहूल, असा लोकसमज आहे. खळ्यावरून उंचावर हिमस्फटिकांचा ढग आहे एवढे निश्चित कळते. पाऊस येईलच असे नाही. चंद्राला लागून दिसणारे काही अंशांचे लहान रंगीत तेजोवलय वेगळे असून ते पातळ ढगांतील जलकणांवर होणाऱ्या विवर्तनामुळे बनते.

आकलनातील भ्रम

कोजागरीचा चंद्र उगवताना प्रचंड मोठा आणि मध्यरात्री लहान भासतो. प्रत्यक्षात दोन्ही वेळी त्याची कोनीय रुंदी सुमारे अर्धा अंश असते. किंबहुना उगवता चंद्र निरीक्षकापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका अधिक दूर असल्याने अगदी किंचित लहानच असतो. हवा भिंगासारखी काम करून चंद्र मोठा दाखवते, हा समज चुकीचा आहे. अपवर्तनाने तो उभ्या दिशेने उलट दबतो. क्षितिजावरील झाडे-इमारती आणि अंतराचा अंदाज यांमुळे मेंदू बिंब मोठे मानतो, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप नाही. हात लांब करून करंगळीच्या नखाने चंद्र दोन्ही वेळी झाकून पाहिल्यास भ्रमाची खात्री पटते.

ढगाआडून पंख्यासारखे पसरणारे सूर्यकिरण हेही आकलनाचे उदाहरण आहे. हे किरण जवळजवळ समांतर असतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, त्याच कारणाने ते एका बिंदूतून निघाल्यासारखे भासतात.

मापनावरील परिणाम

वाकलेला प्रकाश मोजणीत थेट चूक आणतो. एकोणिसाव्या शतकातील भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दूरची ठिकाणे अपवर्तनामुळे वर उचललेली दिसत आणि दुपारच्या तापलेल्या हवेत ती थरथरत. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी म्हणून दिव्यांच्या साहाय्याने रात्री निरीक्षणे घेण्याची पद्धत अवलंबली. खगोलशास्त्रातही हीच अडचण येते. हवेच्या थरांच्या हालचालीमुळे ताऱ्याची प्रतिमा अस्थिर होते. पुण्यातील आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरापासून दूर, आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे उंचावर उभारली आहे. शहरातील उजेड टाळण्याबरोबरच हवेची स्थिरताही अशा जागांच्या निवडीत पाहिली जाते.

रस्त्यावरील मृगजळ स्वतः निरुपद्रवी असले तरी त्याच्या चकाकीत दूरच्या वाहनाचा खालचा भाग दिसेनासा होऊ शकतो आणि अंतराचा अंदाज चुकू शकतो. भर उन्हात पुढील वाहन ओलांडताना ही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

मृगजळ
इंद्रधनुष्य
प्रकाशाचे अपवर्तन
हरिश्चंद्रगड
भारतीय हवामानशास्त्र विभाग